काविळीची वही

तीन आठवड्यांत पाच मुलं. मार्च २०२२ मध्ये ग्लासगोच्या रॉयल हॉस्पिटल फॉर चिल्ड्रनमध्ये दाखल झालेली, तीन ते पाच वर्षांची, तोवर धडधाकट असलेली. आधी उलट्या-जुलाब, मग डोळे पिवळे, लघवी गडद, शी पांढुरकी. रक्तातली एसजीपीटी (यकृताच्या पेशींतून रक्तात उतरणारं एन्झाइम) भलतीच चढलेली, म्हणजे यकृताच्या पेशी भराभर मरत होत्या. कावीळ करणारे हिपॅटायटिसचे नेहमीचे विषाणू तपासून झाले, एकही सापडला नाही. ३१ मार्चला पब्लिक हेल्थ स्कॉटलंड या यंत्रणेला कळवलं गेलं. ५ एप्रिलला ब्रिटनने जागतिक आरोग्य संघटनेला कळवलं. ८ जुलैपर्यंत ३५ देशांत मिळून अशा १,०१० संभाव्य रुग्णांची नोंद झाली होती. त्यांतली २२ मुलं दगावली होती आणि ४६ मुलांना यकृत बदलावं लागलं होतं.

या सगळ्या आकड्यांतला मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो पहिला, पाच. आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या बालरोग वॉर्डात तीन आठवड्यांत कावीळ झालेली पाच मुलं आली असती तर कोणी दचकलं असतं का? नाही. आपले डॉक्टर कमी हुशार आहेत म्हणून नव्हे. ग्लासगोचे डॉक्टर दचकले, कारण त्यांना ठाऊक होतं की सबंध स्कॉटलंडमध्ये कारण न सापडणारा असा यकृतदाह वर्षाकाठी चारपेक्षाही कमी मुलांना होतो. वर्षभराचा हिशेब तीन आठवड्यांत ओलांडला गेला होता. नेहमी किती असतात हे माहीत असल्याखेरीज आज जास्त आहेत असं म्हणताच येत नाही.

महाराष्ट्रात मुलांमधल्या तीव्र, कारण न सापडलेल्या काविळीचं 'नेहमी किती' हे उत्तर देऊ शकेल अशी वही नाही. ती असावी, सरकारने उघडावी, आणि तिच्यात खाजगी दवाखान्यांनाही नोंद करणं बंधनकारक असावं, हे माझं म्हणणं आहे. ते का, हे सांगण्यासाठी आधी ग्लासगोच्या मुलांचं पुढे काय झालं ते पाहू.

खरं तर ग्लासगोच्या आधी अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात, बर्मिंगहॅम शहरातल्या मुलांच्या रुग्णालयात ऑक्टोबर २०२१ पासून अशी मुलं येत होती. फेब्रुवारीपर्यंत नऊ झाली. नऊही जणांच्या रक्तात अ‍ॅडिनोव्हायरस सापडला. हा सर्दी-खोकल्याचा आणि जुलाबांचा नेहमीचा विषाणू. सुदृढ मुलाचं यकृत तो असं जाळून टाकत नाही, म्हणून डॉक्टर बुचकळ्यात पडले. दोघांना यकृत बदलावं लागलं. स्कॉटलंडची बातमी आल्यावर या नऊ मुलांचा अर्थ लागायला लागला. पुढे अमेरिकेच्या सीडीसी या साथींवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने २०१७ पासूनच्या नोंदी चाळल्या आणि जाहीर केलं की आपल्या देशात अशा रुग्णांची संख्या महासाथीच्या आधीच्या पातळीपेक्षा वाढलेली दिसत नाही. ब्रिटनमध्ये वाढ खरी होती, अमेरिकेत दिसत नव्हती. दोन्ही उत्तरं मिळाली, कारण दोन्हीकडे मागच्या वर्षांचे आकडे हाताशी होते. 'वाढ नाही' हे खात्रीने सांगण्यासाठीही तेवढीच मोजणी लागते, हे आपण फार सहज विसरतो.

कारण ठाऊक नाही असं डॉक्टर म्हणतात तेव्हा ती जागा फार काळ रिकामी राहत नाही. २०२२ च्या त्या उन्हाळ्यात ती पहिल्या आठवड्यातच भरली. कोविडची लस हेच कारण, असं लाखो लोकांनी एकमेकांना पाठवलं. आजारी पडलेली बहुतेक मुलं पाच वर्षांखालची होती आणि ब्रिटनमध्ये त्या वयाला लस दिलीच जात नव्हती. हे एका ओळीत सांगता येत होतं, तरी अफवा मरेना. मग कुत्र्यांची पाळी आली. तपास करणाऱ्या ब्रिटिश यंत्रणेने आई-बापांना लांबलचक प्रश्नावली दिली होती. मुलाने काय खाल्लं, काय प्यायलं, कुठे गेलं, घरात कोणता प्राणी आहे. त्यात सुमारे सत्तर टक्के घरांनी कुत्र्याशी संबंध आल्याचं सांगितलं. ब्रिटनमध्ये कुत्री पाळणारी घरं मुळातच पुष्कळ, त्यामुळे त्या आकड्यातून काही निष्पन्न झालं नाही. वर्तमानपत्रांनी थट्टा केली. मला मात्र त्या यंत्रणेचं वागणं योग्य वाटतं. त्यांनी दर काही दिवसांनी आपला कच्चा हिशेब लोकांपुढे मांडला, त्यात कुत्रीही मांडली आणि धागा टिकला नाही तेव्हा तो सोडूनही दिला. आपल्याकडे अंतिम अहवाल येईपर्यंत काही बोलायचं नाही ही रीत आहे. अहवाल येईपर्यंत अफवा म्हातारी होऊन मरते किंवा तिचीच खात्री होऊन बसते.

अ‍ॅडिनोव्हायरसचा ४१ नंबरचा प्रकार सगळ्यांच्या डोळ्यांपुढे होता. पण अडचण अशी की मुलांच्या यकृताचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर त्यात तो विषाणू जवळजवळ दिसतच नव्हता. ज्याच्यावर आळ तो घटनास्थळी नाही. कोविडच्या विषाणूने आतड्यात ठाण मांडलं असेल आणि त्यामुळे मुलांची प्रतिकारशक्ती अ‍ॅडिनोव्हायरसवर भलतीच खवळत असेल, असाही एक तर्क नामवंत शास्त्रज्ञांनी मांडला. विषबाधेचा तर्कही तपासला गेला.

वेगळं उत्तर जुलै २०२२ मध्ये पुढे आलं, तेही एकाच वेळी दोन गटांकडून. एक ग्लासगो विद्यापीठातल्या विषाणू संशोधन केंद्रातल्या एमा थॉमसन यांचा, दुसरा लंडनचा, ज्युडिथ ब्रॉयर यांचा. मार्च २०२३ मध्ये 'नेचर'मध्ये या दोघांचे आणि अमेरिकेतल्या चार्ल्स चिऊ यांच्या गटाचा असे तीन शोधनिबंध एकत्र छापून आले. तिघांना सापडला तो एएव्ही२, म्हणजे अ‍ॅडिनो-असोसिएटेड व्हायरस २. हा विषाणू एकटा वाढूच शकत नाही. त्याला अ‍ॅडिनोव्हायरस किंवा नागिणीच्या कुळातला एखादा विषाणू सोबतीला लागतो. १९६५ साली प्रयोगशाळेत अ‍ॅडिनोव्हायरसच्या नमुन्यात भेसळ म्हणून या कुळातला विषाणू पहिल्यांदा दिसला होता आणि तेव्हापासून या कुळावर कोणत्याही आजाराचा ठपका सिद्ध झाला नव्हता. इतका निरुपद्रवी, की जनुकोपचारात शरीरात चांगलं जनुक पोचवण्यासाठी त्याच्याच कुळातल्या विषाणूंचं कवच वापरतात. स्कॉटलंडच्या ३२ आजारी मुलांपैकी २६ जणांत तो सापडला, तुलनेसाठी घेतलेल्या ७४ मुलांपैकी फक्त ५ जणांत. अमेरिकेत १४ पैकी १३ आजारी मुलांत, तुलनेच्या ११३ पैकी ४ मुलांत.

आणि आणखी एक गोष्ट. प्रतिकारशक्तीशी संबंधित एचएलए जनुकांचा एक विशिष्ट प्रकार स्कॉटिश आजारी मुलांपैकी २७ पैकी २५ जणांत होता. तिथल्या सर्वसाधारण लोकांत तो सोळा टक्क्यांच्या आसपास असतो. मग चित्र असं जुळलं : दोन वर्षं टाळेबंदी आणि निर्बंधांमुळे एकमेकांत कमी मिसळलेली मुलं बाहेर पडली, ज्या विषाणूंशी हळूहळू ओळख व्हायची ते एकदम भेटले, अ‍ॅडिनोव्हायरसच्या पाठीवर बसून एएव्ही२ आला, आणि ज्या मुलांच्या अंगात ते जनुक होतं त्यांच्यापैकी काहींची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटली. हे आजवरचं सर्वांत पटणारं स्पष्टीकरण आहे. शेवटचा शब्द म्हणून ते कोणी मांडलेलं नाही, शास्त्रज्ञांनीही नाही.

मला यात विषाणूपेक्षा त्या तुलनेच्या ७४ मुलांचं अप्रूप वाटतं. त्यांत निरोगी मुलं होती, अ‍ॅडिनोव्हायरस झालेली पण यकृत शाबूत असलेली मुलं होती, दुसऱ्याच कारणाने यकृत सुजलेली मुलं होती. एखाद्या सकाळी गरज पडली म्हणून अशी मुलं जमवता येत नाहीत. कुठल्या तरी शीतपेटीत कोणा मुलाच्या रक्ताचे दोन थेंब नीट चिठ्ठी लावून आधीच ठेवलेले असावे लागतात. ते ठेवताना पुढे कशासाठी लागतील हे ठेवणाऱ्याला माहीत नसतं. गुन्हेगार सापडला तो त्या थेंबांमुळे. ते नसते तर एएव्ही२ हा आजारी मुलांच्या अंगात सापडलेला एक उपरा विषाणू एवढाच राहिला असता, आणि अंगात उपरे विषाणू तर सगळ्यांच्याच असतात.

आता आपल्याकडे येतो. हे सगळं पाश्चात्त्यांना जमतं, आपलं ते काम नाही, असं कोणी म्हणेल तर त्याला मी पुण्याच्या रास्ता पेठेत नेईन.

गेल्या शतकात आपल्याकडे मुलांना यकृताचा एक भयंकर आजार होत असे. १८८७ मध्ये कलकत्त्यात त्याची पहिली नोंद झाली. सहा महिने ते तीन-चार वर्षांचं मूल चिडचिडं होई, पोट फुगू लागे, यकृत दगडासारखं कडक लागे, मग कावीळ, पोटात पाणी आणि काही महिन्यांत मृत्यू. वैद्यकाच्या पुस्तकांत त्याचं नाव 'इंडियन चाइल्डहूड सिऱ्हॉसिस'. घराघरांत मात्र 'लिव्हर' एवढंच नाव होतं. 'त्यांचं थोरलं लिव्हरने गेलं' हे वाक्य माझ्या आजीच्या पिढीतल्या प्रत्येकीने ऐकलेलं असे. एका घरात एकापाठोपाठ दोन-तीन मुलं जात, त्यातही विशिष्ट जातींतल्या, खाऊनपिऊन सुखी घरांतली. म्हणून लोक वंशाला दोष देत, कुळाच्या शापाला देत, सुनेच्या दुधाला देत. डॉक्टरांचेही तर्क होते : आनुवंशिकता, विषाणू, बुरशी लागलेल्या धान्यातलं विष. जवळजवळ शंभर वर्षं हा आजार 'अज्ञात कारण' या खान्यात पडून होता.

१९७० च्या दशकाच्या शेवटी पुण्यात रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयातले डॉ. आनंद पंडित आणि इंग्लंडचे डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्या गटाने या मुलांच्या यकृताच्या तुकड्यांत तांबं मोजलं. ते नेहमीच्या कितीतरी पट जास्त निघालं. हा शोध १९७९ मध्ये छापून आला. पण एवढ्या लहान जिवात तांबं आलं कुठून? इथे डॉ. शीला भावे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जे केलं त्याला मी खरं संशोधन म्हणतो. त्यांनी आयांना विचारलं. बाळाला वरचं दूध कधी सुरू केलं, गाईचं की म्हशीचं, कशात तापवलं, कशात ठेवलं, कशाने पाजलं. हेच प्रश्न निरोगी मुलांच्या आयांनाही विचारले, जोड्या लावून. उत्तरं एकाच भांड्यापाशी येऊन थांबू लागली : पितळेचं पातेलं.

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. आतून कल्हई असेल तर कथलाचा थर मध्ये येतो. कल्हई गेली की दूध थेट पितळेला लागतं. पाण्यात जेवढं तांबं उतरतं त्याहून कितीतरी अधिक दुधात उतरतं, कारण दुधातलं केसीन ते धरून ठेवतं. अंगावरचं दूध लवकर सोडवलेलं मूल दिवसातून चार वेळा ते पीत होतं, आणि तान्ह्या यकृताला नको असलेलं तांबं बाहेर टाकण्याची ताकद पुरती आलेली नसते. सुखी घरांतच हा आजार का, याचंही उत्तर मिळालं : वरचं दूध आणि पितळी भांडी दोन्ही परवडत होती तीच घरं. १९८३ मध्ये हा धागा 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मांडला गेला. पेनिसिलामीन हे तांबं बाहेर काढणारं औषध लवकर सुरू केलं तर काही मुलं वाचू लागली. पुणे जिल्ह्यात भांडी बदलण्याचा सल्ला घरोघर गेला, दुसरीकडून स्टील बाजारात आलंच होतं. आज बालरोग शिकणाऱ्या विद्यार्थ्याला हा आजार पुस्तकातच भेटतो.

पितळेच्या भांड्यात दूध तर लाखो घरांत तापत होतं, मग मोजकीच मुलं का गेली, हा प्रश्न उरतोच. त्याचं उत्तर ऑस्ट्रियातल्या टिरोल प्रांतातून सुचतं. तिथे १९०० ते १९७४ या काळात १३८ मुलांना हुबेहूब असाच आजार झाला होता. तिथेही तांब्याच्या भांड्यात तापवलेलं दूध होतं, पण ती घरं एकमेकांच्या नात्यातली होती आणि दोष आई-बाप दोघांकडून उतरत होता. भांडं आणि जनुक, दोन्ही एकत्र आले तर. ग्लासगोतही तेच : विषाणू, त्याचा सोबती आणि जनुक. आजाराला एकच कारण असतं ही आपली समजूत अशा आजारांपुढे तोकडी पडते. 'दुधामुळे' किंवा 'लसीमुळे' असं एका शब्दात सांगणाऱ्याकडे लोक वळतात, कारण एक शब्द लक्षात राहतो.

हे केवळ जुन्या पुण्याचं कौतुक नव्हे. २००५-०६ च्या सुमारास पश्चिम उत्तर प्रदेशात लहान मुलं दर वर्षी हिवाळ्याच्या तोंडावर पटापट मरत होती. यकृत, स्नायू आणि मेंदू तिन्हींवर आघात. वर्षानुवर्षं त्याला मेंदूज्वर म्हणून विषाणूच्या खात्यावर टाकलं गेलं होतं. बिजनौरचे डॉ. विपिन वशिष्ठ आणि वेल्लोरचे डॉ. टी. जेकब जॉन यांनी आजारी मुलांच्या आणि निरोगी मुलांच्या घरी एकच प्रश्नावली फिरवली आणि बोट गेलं रस्त्याकडेला वाढणाऱ्या कासविंद्याच्या शेंगांवर. भुकेली, खेळता खेळता मिळेल ते तोंडात टाकणारी गरिबांची मुलं त्या शेंगांचे दाणे खात होती. इथेही आधी कोणीतरी मुलं मोजली, मग आईला विचारलं.

मग २०२२ मध्ये आपण काय केलं? जागतिक आरोग्य संघटनेच्या त्या उन्हाळ्यातल्या यादीत आपल्या शेजारच्या इंडोनेशियाचं नाव होतं, मालदीवचं होतं. भारताचं नव्हतं. आपल्याकडे अशी मुलं नव्हतीच, असा याचा अर्थ लावायला माझं मन धजावत नाही. मध्य प्रदेशातल्या सागरच्या बुंदेलखंड मेडिकल कॉलेजमधल्या डॉक्टरांनी तर २०२१ च्या एप्रिल ते जुलै या काळात, कोविड होऊन गेल्यानंतर यकृतदाह झालेली ३७ मुलं नोंदली होती, ग्लासगोच्या कितीतरी आधी. एका कॉलेजने वही ठेवली म्हणून ३७ हा आकडा आपल्याला कळला. शेजारच्या जिल्ह्याने ठेवली असती तर?

एखाद्या तालुक्याच्या गावात मुलाचे डोळे पिवळे झाले की काय होतं ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे. पहिल्यांदा काविळीचं औषध देणारा. डोक्यावर काविळीची माळ, ती लांबत लांबत गळ्यात उतरली की कावीळ उतरली. कुठे नाकात थेंब, कुठे झाडपाल्याचा रस, कुठे हाताला चुना लावून पाणी पिवळं करून दाखवणं. बहुतेक मुलं बरी होतात, कारण आपल्याकडची मुलांची कावीळ बहुतांशी हिपॅटायटिस एची असते आणि ती आपोआप बरी होते. श्रेय माळेला जातं. जे मूल बरं होत नाही ते मग खाजगी दवाखान्यात, तिथून जिल्ह्याला, तिथून पुण्या-मुंबईला. शहरात पोचेपर्यंत मूल पेंगुळलेलं असतं, रक्त गोठायचं बंद झालेलं असतं. तिथले डॉक्टर विचारतात, काही औषध दिलंत का? आई गप्प बसते, कारण 'हो' म्हटलं तर बोलणी बसणार हे तिला आधीच्या दोन दवाखान्यांत कळलेलं असतं. जी माहिती आजाराचं मूळ सांगू शकली असती ती तिच्या पदरात बांधलेली राहते. मूल वाचलं तर घरी जातं, गेलं तर घरचे लोक गाडी करून घेऊन जातात. कागदावर 'अ‍ॅक्युट लिव्हर फेल्युअर' असं एक नाव राहतं. त्यापुढे 'कारण' या शब्दासमोर काय लिहिलं होतं, ते दुसऱ्या रुग्णालयाला कधीच कळत नाही.

ही वही कशी चालवायची हे आपल्याला शिकवावं लागणार नाही. पोलिओच्या वेळी आपण ती चालवली आहे. त्या मोहिमेत पोलिओ मोजला जात नव्हता. पंधरा वर्षांखालच्या ज्या मुलाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला त्याची नोंद होत होती, कारण कोणतंही असो. दोन आठवड्यांच्या आत चोवीस तासांच्या अंतराने शौचाचे दोन नमुने घेतले जात आणि ते बर्फात घालून प्रयोगशाळेत जात. एखाद्या जिल्ह्यातून एकही लुळं मूल कळवलं गेलं नाही तर त्याची पाठ थोपटली जात नसे. पोलिओ नसला तरी लाखामागे ठराविक मुलं दुसऱ्या कारणांनी लुळी पडतातच, मग इथे शून्य कसं, म्हणून तिथे तपासणीला माणूस जात असे. कळवणाऱ्यांत सरकारी डॉक्टर होते, गल्लीतले खाजगी डॉक्टर होते, वैदू आणि हाडं बसवणारेही होते. १३ जानेवारी २०११ ला पश्चिम बंगालमधल्या हावड्यात शेवटचा रुग्ण सापडला, आणि तो शेवटचाच आहे हे आपण जगाला छातीठोकपणे सांगू शकलो ते त्या मोजणीच्या जोरावर.

तेच काविळीला लावा. सोळा वर्षांपर्यंतचं मूल, एसजीपीटी पाचशेच्या वर, अचानक आजारी पडलेलं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये वयाची आणि एन्झाइमची हीच रेघ वापरली होती, फक्त नेहमीचे विषाणू सापडलेली मुलं बाजूला ठेवून. आपण ती बाजूला ठेवू नयेत, सगळीच कळवावीत. एक पानाचा फॉर्म, त्यात आईला विचारायचे प्रश्न ठरलेले : पाणी कुठलं, औषधं कुठली, कोणत्या माणसाने काय पाजलं, पॅरासिटामॉल किती वेळा दिलं, घरात उंदराचं औषध आहे का, आजूबाजूला आणखी कोणी पिवळं झालं का. फॉर्मच्या वरच ठळक अक्षरात लिहा की काहीही सांगितलं तरी कोणी रागावणार नाही, आणि मग खरंच रागावू नका. रक्ताची एक छोटी नळी विषाणू प्रयोगशाळेच्या शीतपेटीत. आयसीएमआर या केंद्रीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं अशा प्रयोगशाळांचं जाळं देशभर आहे आणि राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था तर पुण्यातच आहे. काविळीची माळ घालणाऱ्यालाही यात घ्या. त्याला हुसकावून लावून आपण इतकी वर्षं काय मिळवलं? लहान मुलांची कावीळ सगळ्यांत आधी त्याच्याच दारात येते. त्याने एक फोन केला तर जिल्हा रुग्णालयाला आठवड्याभर आधी कळेल.

विरोध होईल, आणि त्यातला एक मुद्दा मला खरोखर वजनदार वाटतो. आमच्याकडे कुपोषण आहे, क्षय आहे, डेंग्यू आहे, सरकारी वॉर्डात एका खाटेवर दोन मुलं आहेत, आणि तुम्ही वर्षाला मूठभर मुलांना होणाऱ्या आजाराची वही मागता? वॉर्डात रात्रपाळी करणाऱ्या निवासी डॉक्टरने हे विचारलं तर मी वाद घालणार नाही, त्याच्यावर आणखी एक फॉर्म टाकणं अन्यायाचंच आहे. म्हणून फॉर्म भरायला जिल्ह्याजिल्ह्यात वेगळा माणूस नेमावा लागेल आणि त्याचा पगार द्यावा लागेल. पण 'मूठभर' या शब्दाशी माझा वाद आहे. ही वही अनोख्या आजारासाठी म्हणून उघडली तरी तिच्यात शंभरातल्या नव्वद नोंदी ओळखीच्याच असतील : हिपॅटायटिस ए, डेंग्यू, क्षयाची औषधं, विल्सनचा आजार (अंगात तांबं साठण्याचा आनुवंशिक आजार), विषबाधा. त्या नोंदीच आपल्याला सांगतील की हिपॅटायटिस एची लस राष्ट्रीय कार्यक्रमात घ्यायची वेळ आली का. आज ती खिशातले पैसे भरणाऱ्याच्या मुलाला मिळते. पाणी थोडं सुधारलं की हा आजार लहानपणी होण्याऐवजी मोठ्या मुलांना होतो आणि मोठ्या वयात तो जास्त जोराने होतो. हा बदल आपल्या कुठल्या जिल्ह्यात कुठवर आला आहे? इचलकरंजीत २०१२ मध्ये हिपॅटायटिस ईची साथ आली तेव्हा ती ओळखायला पिवळ्या डोळ्यांची रांग लागावी लागली.

लोक घाबरतील, असाही एक मुद्दा असतो. घाबरलेलेच आहेत. आपल्याकडे मुलांना यकृत मिळतं ते बहुतेक वेळा आई किंवा बापाच्या पोटातून कापून. त्या आईला हे कशामुळे झालं असं विचारायचा हक्क आहे, आणि 'माहीत नाही, पण या वर्षी अशी किती मुलं झाली ते आम्ही मोजतो आहोत, तुमचं मूल त्यात आहे' एवढं ऐकायचाही.

माझ्या आजीची दोन मुलं दोन वर्षांची व्हायच्या आत गेली, पहिलं आणि तिसरं. वाईजवळच्या गावात, स्वातंत्र्याच्या आगेमागे. दोघांचं पोट फुगलं होतं, दोघं शेवटी पिवळी पडली होती. ती दोघं त्याच 'लिव्हर'ने गेली का, हे आता कोणी सांगू शकणार नाही, कुठल्याही वहीत त्यांची नोंद नाही. दुसऱ्यांदा सायकलवरून तालुक्याचे डॉक्टर आले होते, हे आजी फार आदराने सांगायची. त्यांनी पोट चाचपलं, जीभ पाहिली, आजीला तेलकट बंद करायला सांगितलं, घरात आणखी कोणाला असं झालंय का हेही विचारलं. पितळी पातेलं चुलीवरच होतं. कल्हईवाला त्या वर्षी पावसामुळे आलाच नव्हता, हेही ती सांगायची, वेगळ्या संदर्भात, भांडी काळी पडली होती म्हणून. दूध कशात तापवता, हे डॉक्टरांनी विचारलं नाही. त्या काळी ते विचारायचं कोणालाच सुचलं नव्हतं.